एका झाडाचं सॉफ्टवेअर

जगात लाज वाटून घेण्याचं जेवढं म्हणून काम आहे ते सगळं एकाच माणसावर सोपवून बाकीच्यांनी खुशाल आपापल्या उद्योगाला लागावं, अशी वाटणी देवाने केलेली असली पाहिजे, आणि तो एक माणूस नेमका माझा धाकटा दीर निघाला. चूक कोणाचीही असो, लाज भाऊजींना वाटायची. बसमध्ये कुणाचा तरी पाय भलत्याच कुणावर पडायचा आणि 'सॉरी' भाऊजी म्हणायचे. लग्नात बँडवाल्याचा सूर गेला की हे मान खाली घालून हातातल्या अक्षता निवडत बसायचे. एकदा चपला घ्यायला गेले आणि एकही जोड पायात शिरेना, तेव्हा गल्ल्यावरच्या मालकाने पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "आमच्या चपला बरोबर आहेत. पाय दुसरीकडे दाखवा." अस्सल पुणेकराकडे यावर उत्तर तयार असतं. भाऊजी म्हणाले, "हो ना, माझेच जरा रुंद आहेत," आणि पुढे कित्येक दिवस कोणी घरी आलं की पाय खुर्चीखाली ओढून बसायचे. माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, याच्या अगदी उलट. तिला कुणी म्हटलं की बाई, जरा तरी लाज बाळगावी, तर ती म्हणायची, "आमच्या घरातली सगळी लाज यांनीच वापरून संपवली. माझ्या वाट्याला उरलीच नाही, त्याला मी काय करू?"

असा हा माणूस पोटासाठी काय करत होता, तर चित्रं काढत होता, आणि तीही बिल्डर लोकांसाठी. मी आर्किटेक्ट. इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल याचं एक रंगीत चित्र करून घ्यायची आमच्या धंद्यात पद्धत होती, त्याला आम्ही पर्स्पेक्टिव्ह म्हणायचो. माझ्या ऑफिसची सगळी पर्स्पेक्टिव्ह भाऊजी करायचे. विश्रांतवाडीच्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत उतरतं टेबल, पोस्टर कलरच्या बाटल्या, आणि खिडकीकडे पाठ करून बसलेले भाऊजी. हात असा की काचेवर ऊन काढलं तर बघणाऱ्याने डोळे बारीक करावेत. पण त्यांच्या चित्रांत एक गोष्ट कायम असायची, ती माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. त्यांची माणसं कधीही आपल्याकडे तोंड करून नसायची. पिशवी घेतलेली बाई, सायकलवाला, मुलीचा हात धरलेला बाप, सगळे पाठमोरे. मी विचारलं तर म्हणाले, "तोंड काढलं की ती आपल्याकडे बघतात हो, वहिनी. ओळख ना पाळख, उगाच अवघडल्यासारखं होतं." कुणाला? तर भाऊजींना. स्वतः काढलेल्या बोटभर उंचीच्या माणसाने आपल्याकडे बघितलं तर अवघडणारा चित्रकार मी तरी दुसरा पाहिला नाही.

तरी एवढ्यावर भागलं असतं. पण एक दिवस हडपसरहून एका साइटच्या सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, वॉचमनने एक चोर धरलाय. तुमचा नातेवाईक आहे म्हणतोय." मी रिक्षा करून धावत गेले. वाळूच्या ढिगाऱ्याशेजारी, हातात कडुनिंबाचं रोप आणि खुरपं घेऊन, माझे दीर आरोपीसारखे उभे. वॉचमन गावचा, तापलेला. "झाड चोरायला आला व्हता ह्यो."

"नाही हो, लावायला आलो होतो," भाऊजी पुटपुटले.

"मला येडा समजतो व्हय? झाड कोण चोरून लावतंय?"

बिनतोड मुद्दा होता. सुपरवायझरही हसायला लागला, मजूर घमेली खाली ठेवून बघायला लागले आणि मला कुठे बघावं कळेना. ज्या साइटवर मी 'हा कॉलम कोणी असा वाकडा उभा केला' म्हणून सगळ्यांना फैलावर घ्यायची, त्या साइटवर मी वॉचमनला चहा पाजून दीर सोडवून आणला. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, हा काय प्रकार?" तेव्हा कळलं की हे काही नवं नव्हतं. चित्रात जे झाड काढायचे ते भाऊजी नंतर खरंच तिथे जाऊन लावायचे. पहिल्यापासून, प्रत्येक चित्राचं. "लोक ते चित्र बघून घर घेणार, वहिनी. उद्या राहायला येतील आणि म्हणतील, इथे झाड होतं ते कुठंय? माझी मान खाली जाईल की."

"अहो, बिल्डरला विचारतील. चित्रकाराला कोण विचारायला बसलंय?"

"कुणी विचारलं नाही म्हणून लाज वाटायची थांबते का?"

बरं, बागकामात त्यांना गती होती म्हणावं तर तीही नाही. अर्धी रोपं बकऱ्या खायच्या, काही पाण्यावाचून वाळायची, एकावर तर डंपर गेला. मग हे पुन्हा नवं रोप घेऊन हजर. पोस्टर कलरच्या झाडाला काही नाव-गाव नसतं, हिरवा फराटा मारला की झालं; त्यामुळे जे रोप मिळेल ते चालायचं. आणि हाताचं काम असल्यामुळे झाडंही बेताची असायची. बिल्डर म्हणाला की अजून चार टाका, तर भाऊजी इतके कळवळून सांगायचे की "अहो, इमारत झाकली जाते," की त्यालाही पटायचं. ब्रश आणि खुरपं यांचा असा मेळ बसलेला होता आणि तो जन्मभर तसाच चालला असता.

पण मग पुण्यात कॉम्प्युटर आला. म्हणजे बँकांतून, ऑफिसांतून होताच, पण आता तो ड्रॉइंग बोर्डावर येऊन बसला. कंबरेला पेजर लावलेली माणसं ऑफिसात यायला लागली. शेतं होती तिथे काचेच्या इमारती निघणार म्हणून बोलणी सुरू झाली, आणि हाताने काढलेलं पर्स्पेक्टिव्ह लोकांना एकदम आजोबांच्या फोटोसारखं वाटायला लागलं. भाऊजींची कामं एकेक करून सुटली. राहिले एक शेठ. त्यांची वाघोलीला नगर रस्त्यावर मोठी स्कीम होणार होती, नकाशे माझे होते. शेठ सिंगापूरला जाऊन आले आणि ऑफिसात येऊन म्हणाले, "मॅडम, चित्रं बास झाली. मला फिल्म पाहिजे. रस्त्यावरून आली, बिल्डिंगमध्ये शिरली, घरातनं फिरली, अशी. तुमचे दीर करत असतील तर ही स्कीम त्यांची आणि पुढच्या सगळ्या त्यांच्या. नसतील करत तर आत्ताच सांगा, माझ्याकडे माणसं आहेत."

म्हणजे प्रश्न सरळ होता. दसऱ्याला बुकिंग सुरू होणार, तोवर भाऊजींनी कॉम्प्युटरवर फिल्म करून दाखवली तर धंदा राहणार, नाही तर ब्रश कायमचे धुऊन ठेवायचे. जावेच्या मामांनी एका शाळेत चित्रकलेच्या मास्तराची जागा बघून ठेवलीच होती. जाऊ मला म्हणाली, "ताई, काहीही करा पण यांना शाळेत पाठवू नका. हे वर्गात उभे राहिले तर पोरंच यांना शिक्षा करतील."

भाऊजी कॉम्प्युटर शिकले, ते मात्र झपाट्याने शिकले. प्रश्न आला सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं याचा. तेव्हा सगळ्या पुण्यात चोरीच्या सीड्या भाजीसारख्या मिळत होत्या, पण ते नावही त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती, कान लाल व्हायचे. तेव्हा रीतसर विकत घ्यायचं ठरलं आणि मी त्यांना घेऊन डेमो बघायला निघाले. माझी समजूत अशी की चित्र किती वेळात तयार होतं, प्रकाश कसा पडतो, दगड दगडासारखा दिसतो का, कॅमेरा सुरळीत फिरतो का, हे बघायचं असतं. कुठल्याही शहाण्या माणसाची तीच समजूत असेल.

पहिलं ऑफिस एसी, काचेच्या दाराचं. भाऊजींनी चपला दाराबाहेर काढल्या. आत टाय लावलेला एक तरतरीत मुलगा. त्याने इमारत उभी करून दाखवली, काचेत ढग दाखवले, आणि मग हुकमाचा पत्ता फेकावा तसा म्हणाला, "आणि सर, ट्रीजची तर अख्खी लायब्ररी आहे आपल्याकडे. हजारच्या वर. जस्ट ड्रॅग अँड ड्रॉप." त्याने बोट दाबलं आणि इमारतीसमोर जंगल उगवलं. अजून एकदा दाबलं, ते दुप्पट झालं. भाऊजींनी त्या एसीत कपाळाचा घाम पुसला.

"यात कमीत कमी किती झाडं येतात?"

"सर?"

"म्हणजे, कमी झाडांचं काही आहे का तुमच्याकडे?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी एसीकडे बघितलं. भाऊजी खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ गेले आणि एका तांबड्या झाडावर बोट ठेवून म्हणाले, "हे कुठलं?"

"मेपल, सर. प्रीमियम लुक येतो."

"हे हडपसरच्या नर्सरीत मिळेल का हो?"

अशा वेळी आपण या माणसाचे कोणी नाही, सहज आत आलो होतो, असा चेहरा करून बसण्याशिवाय गत्यंतर नसतं. आणि त्यांनी नुसतं विचारलं नाही, खरंच हडपसरला जाऊन मेपल मागितला. नर्सरीवाला म्हणाला, "मेपल नाय. पेरू हाय, चालतोय का?" विचारून रिकाम्या हाताने परत कसं यायचं म्हणून पेरू घेऊन आले. तो अजून माझ्या परसात आहे, फळं बरी देतो.

असे आम्ही महिनाभर हिंडलो. एका जर्मन सॉफ्टवेअरमध्ये वाऱ्याने पानं हलायची. भाऊजी म्हणाले, "फार सुंदर आहे," आणि कासावीस होऊन उठले. आणखी एकात ऋतू बदलला की झाडांना बहर यायचा. ते तर त्यांनी पुरतं बघितलंही नाही. मी घरी येऊन कागदावर रकाने आखायची, याचा वेग, त्याचा प्रकाश, आणि भाऊजी शेजारी बसून म्हणायचे, "वहिनी, तुमचं सगळं बरोबर आहे हो. पण एवढी झाडं फुकटात हाताशी असली की शेठ थांबणार आहेत का? मी कुठवर लावत बसू?" त्यात कुणाला नाही म्हणायचं तर त्यांच्या जिवावर यायचं, त्यामुळे प्रत्येक विक्रेत्याला वाटायचं की गिऱ्हाईक आपलंच. सगळे घरी फोन करायचे. फोन वाजला की भाऊजी गच्चीत पळायचे आणि जाऊ फोन घेऊन सांगायची, "ते नाहीत. लाज वाटली म्हणून बाहेर गेलेत."

शेवटी नारायण पेठेतल्या एका बोळातल्या दुकानात आम्हाला ते सापडलं. दुकानदाराने कपाटाच्या तळातून धूळ झटकत एक खोकं काढलं. "जुनं आहे. आता कोणी घेत नाही. झाड एकच आहे त्यात. घ्यायचं तर घ्या, नाही तर राहू दे, मला एक वाजता दुकान बंद करायचंय." इतका अपमान ऐकून माणूस चालू लागेल, पण भाऊजींचा चेहरा लग्न ठरल्यासारखा फुलला. "एकच? नक्की एकच ना?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मी खूप सांगून पाहिलं, भाऊजी, अहो, धंद्याचा प्रश्न आहे, दसरा तोंडावर आलाय. ऐकतात कसले! खोकं छातीशी धरून स्कूटरवर बसले.

ते सॉफ्टवेअर आणि भाऊजी यांचा स्वभाव मात्र जुळला. दोघेही सावकाश. इमारत आधी नुसत्या तारांच्या सांगाड्यासारखी दिसायची, भिंतींपलीकडचं सगळं उघडं. भाऊजी चहाला उठताना मॉनिटरवर टॉवेल टाकून उठायचे. "लोकांची न्हाणीघरंसुद्धा दिसतात हो आतली," असं मला खालच्या आवाजात सांगायचे. मग रंग-प्रकाश चढवायला दिलं की चित्र वरून खाली एकेक ओळ करून उतरायचं, दुपार त्यातच जायची, आणि तेवढा वेळ हे पडद्याकडे पाठ करून बसायचे. कोणी तयार होत असताना त्याच्याकडे बघत बसू नये, एवढंच त्याचं कारण.

दसऱ्याला नगर रस्त्यावरच्या एका हॉटेलात हॉल घेतला होता. गिऱ्हाइकं सहकुटुंब आलेली, शेठ रेशमी झब्ब्यात, पुढच्या रांगेत मी आणि भाऊजी, मागे जाऊ. दिवे गेले. फिल्म सुरू झाली आणि मला वाटलं, चला, निभावलं. रस्ता सुरेख होता, संध्याकाळचं ऊन तर असं की हॉलमध्ये कोणीतरी 'वा' म्हणालं. कॅमेरा फाटकाशी आला. आणि थांबला. बराच वेळ थांबला. लोकांना वाटलं यंत्र अडकलं. मला कळलं की भाऊजी वॉचमनने आत सोडायची वाट बघतायत. मग कॅमेरा आत आला, जिना चढला, घराच्या दाराशी आला, आणि पुन्हा थांबला. दार बंद. कुणाच्या घरात न विचारता कसं शिरायचं? शेवटी दार उघडलं, कॅमेरा बैठकीच्या खोलीत गेला, सोफ्याच्या उंचीवर आला म्हणजे बसला, जरा इकडेतिकडे बघितलं, स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवून लगेच मागे घेतली, आणि उठून आल्या वाटेने बाहेर निघून गेला. बाहेर अंगणात एक झाड. झाडाखाली एक पाठमोरा माणूस. संपलं.

दिवे लागले. शेठ म्हणाले, "बेडरूम?"

भाऊजी उभे राहिले. कान लालबुंद. "ती... खाजगी असते ना."

हॉल काय हसला म्हणता! मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात एक आजीबाई म्हणाल्या, "अहो, आणि एवढ्या मोठ्या जागेत झाड एकच?" भाऊजी त्यांच्याकडे वळून, अगदी क्षमा मागितल्यासारखे म्हणाले, "एक नक्की जमेल असं वाटलं." कुणाला काही अर्थबोध झाला नाही. मागच्या रांगेतून एकटीने टाळ्या वाजवल्याचा आवाज आला. ती माझी जाऊ. त्या टाळ्यांनी तर राहिलीसाहिली अब्रूही गेली.

शेठ ओरडले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, माणूस सोन्यासारखा आहे. पण मी सोनं विकायला बसलोय का? मला घरं विकायचीत." फिल्मचं काम दुसऱ्यांकडे गेलं. भाऊजींनी त्या आठवड्यात ब्रश धुतले, पुसले आणि फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. मला वाईट वाटलं, रागही आला, आणि खरं सांगायचं तर लोकांनी 'ते तुमचे दीर ना?' असं विचारलं की तोंड लपवावंसं वाटायचं.

नवी फिल्म पाडव्याला दाखवली. शेठनी आमंत्रण दिलं आणि नाही म्हणायची लाज वाटली म्हणून भाऊजी तीही बघायला आले. काय नव्हतं त्या फिल्ममध्ये! कारंजी, गोरी गोरी मुलं, आकाशात बगळे. कॅमेरा कोणाची परवानगी न घेता खिडकीतून थेट पलंगावर. आणि झाडं तर अशी की मधूनच इमारत शोधावी लागावी. लोक नाव नोंदवायला उठून उभे राहिले. मी भाऊजींकडे बघायचं टाळत होते. एका माणसाचा धंदा त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हाती गेलेला, त्याला काय वाटत असेल? शेवटी बघितलं तर चेहरा पांढराफटक. मी हळूच म्हटलं, "भाऊजी, चला, निघू या."

ते पडद्याकडेच बघत होते. "वहिनी, एवढी झाडं कोण लावणार?"

"अहो, ही फिल्म तुमची नाहीये आता. तुमचा काय संबंध?"

"फिल्म नसेल," भाऊजी म्हणाले, "पण धंदा आपलाच ना?"

पुढे ते शाळेत चित्रकलेचे मास्तर झाले. जावेचं भाकीत खोटं ठरलं, पोरांनी त्यांना कधी छळलं नाही. ज्या मास्तरांना आपल्याला नापास करायची लाज वाटते त्यांना कोण छळेल? आणि शनिवारी शाळा सुटली की स्कूटर वाघोलीला. शेठकडून फिल्मची कॅसेट मागून आणली होती, ती टीव्हीवर थांबवून थांबवून कुठे कुठे झाड आहे ते बघायचे. मेपल नाही तर करंज, पाइन नाही तर कडुनिंब, पिवळं काही दिसलं तर बहावा. स्कूटरवर मागे जाऊ, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. साडी भिजायची आणि तोंड चालू असायचं. "एवढं पाणी आमच्या तुळशीला घातलं असतं तर तिचा वड झाला असता!" पण एकही शनिवार ती घरी थांबली नाही. शेठनी कधी अडवलं नाही. फुकट लावतोय तर लावू दे, असा त्यांचा हिशेब असावा. बकऱ्या खायच्या, हे पुन्हा लावायचे. असं किती वर्षं चाललं ते आम्ही मोजलं नाही.

मध्यंतरी त्या सोसायटीच्या लोकांनी गच्ची गळते म्हणून मला बोलावलं. म्हणजे लाजायची पाळी माझी होती. सोबत असावी म्हणून भाऊजींना घेऊन गेले. तेव्हा तेही थकले होते. सोसायटीचे एक गृहस्थ फाटकाशीच भेटले आणि त्यांनी मला उभ्या उभ्या सगळं ऐकवलं. पाणी टँकरचं, लिफ्ट चार दिवस चालते तर तीन दिवस बंद, क्लब हाउसचा पत्ता नाही, कारंज्यात डास. "फिल्ममध्ये दाखवलं त्यातलं काही म्हणता काही दिलं नाही, मॅडम." मग त्यांनी वर बघितलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी करंज, कडुनिंब, बहावा, भर दुपारी खाली सावली. "पण एक आहे. झाडं मात्र दाखवली तश्शी लावली त्या बिल्डरने. खोटं कशाला बोला? तेवढा एक शब्द पाळला."

मी तोंड उघडलं होतं. भाऊजींनी माझ्या दंडाला हात लावला आणि नाही अशी मान हलवली. कान लाल झालेले. गृहस्थांनी विचारलं, "आपण?" भाऊजी म्हणाले, "मी असाच. यांच्याबरोबर आलोय." आणि ते वळून चालू लागले, हात मागे बांधून, पाठमोरे. परतताना गाडीत म्हणाले, "फाटकाच्या डाव्या हाताला एक कमी आहे. फिल्ममध्ये होतं. दरवेळी लावलं, जगलंच नाही. बघणाऱ्याच्या लक्षात येत असेल हो, वहिनी." एवढं सगळं उभं केलेल्या माणसाला त्या एका रिकाम्या जागेची लाज वाटत होती.

भाऊजी गेले त्याला आता वर्ष होईल. दवाखान्यात ते सुई टोचणाऱ्या सिस्टरलाच 'त्रास देतोय तुम्हाला' म्हणायचे. गेले तेही दुपारी, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, कुणाची गैरसोय न करता. मी फार रडले. त्यांच्यामुळे जिथे जिथे मान खाली घालावी लागली होती त्या सगळ्या जागा आठवून आठवून रडले.

परवा जाऊ सकाळीच दारात उभी. हातात करंजाचं रोप, पायाशी पाण्याचा कॅन. "ताई, ती फाटकाजवळची जागा राहिलीय. चला." स्कूटर आता नाही, मग आम्ही दोघी रिक्षाने वाघोलीला गेलो. खुरपं भाऊजींचंच होतं. जाऊ कॅन धरून उभी राहिली आणि मी खाली बसून माती उकरायला लागले. उकरता उकरता माझ्या लक्षात आलं की मी सारखी मागे वळून बघतेय, कुणी येत तर नाही ना.

आलाच. नवा वॉचमन, कोवळा पोरगा. "काय चाललंय, मॅडम? झाड चोरताय का काय?"

जन्मभर कंत्राटदारांशी भांडलेली मी, आणि माझे कान गरम झाले. रोप दोन्ही हातांनी धरून मी नुसती बसून राहिले.

"नाही रे बाबा, लावतोय," जाऊ म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत लागला नाही. "आमच्याकडून एक राहून गेलं होतं."

"मग लावा की. त्यात लाजायचं काय?" असं म्हणून तो निघून गेला. मी मान वर केली नाही. भाऊजींच्या वाटची लाज तेवढ्यापुरती माझ्याकडे आली होती, आणि ती खाली ठेवावीशी वाटत नव्हती. मी रोपाभोवती माती लोटत राहिले आणि जाऊ वरून बेताबेताने पाणी घालत राहिली.